पांडाच्या तोंडून

चिनी गप्पांमध्ये गेली दहा-बारा वर्षं जो चेहरा सर्वांत निर्लज्जपणे हसतो आहे, तो चिनी माणसाचा नाही. तो चोई सुंग-गुक या कोरियन विनोदी नटाचा आहे. त्याचं सिनेमातलं खदाखदा हसणं कुणीतरी कापून घेतलं, त्यातले रंग काढून टाकले, नाक-डोळे-तोंड एवढाच ऐवज ठेवला आणि तो काळ्या कानांच्या पांढऱ्याफेक पांडाच्या डोक्यात बसवला. पांडा चिनी, हसू कोरियन आणि खाली जाड काळ्या अक्षरांत लिहिलेला मजकूर ज्याचा त्याचा. याच पांडाला कधी हाँगकाँगचा गायक-नट जॅकी च्युंग याचं तोंड लावलेलं असतं. वाँग कार-वाईच्या १९८८ सालच्या पहिल्या चित्रपटात जॅकीने एक सणसणीत शिवी हासडली होती, ते त्या क्षणाचं तोंड. हे चेहरे मुळात कुणाचे, हे पाठवणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांना ठाऊक नसतं आणि ठाऊक करून घ्यायची त्यांना गरजही वाटत नाही.

अशा चित्रांना चीनमध्ये बियाओछिंगबाओ म्हणतात. त्यात स्थिर चित्रं येतात, हलणारी येतात, मांजरं येतात, दुसऱ्यांची गोबऱ्या गालांची पोरं येतात, जुन्या मालिकांतले नट येतात. ऑफिसातून सुटायला उशीर होईल, एवढंच कळवायचं असतं. पण सोबत डोळ्यांतून धबधबे सुटलेलं, जमिनीवर लोळण घेणारं मांजर जातं. परक्याला वाटतं, काय ही भावनांची उधळण! माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. चित्रातलं रडू जितकं मोठं, तितका पाठवणारा कोरडा. धबधबेवाला त्या क्षणी निवांत नूडल्स ओरपत असण्याची शक्यता दाट असते, कारण खरोखर रडू आलेला माणूस चित्र शोधत बसत नाही. आपला चेहरा संभाषणाबाहेर ठेवून संभाषण चालू ठेवणं, हे या चित्रांचं खरं काम. ते काम ती इतकं चोख बजावतात की त्यांना पोरखेळ म्हणणाऱ्यांनी जरा दमाने घ्यावं.

पुरावा म्हणून सर्वांत साधं चित्र घेऊ. वीचॅट या चिनी गप्पांच्या अॅपमधल्या चिमुकल्या पिवळ्या चेहऱ्यांत अगदी पहिल्या जागी एक मंद हसणारा चेहरा बसलेला आहे. ओठांच्या कडा वर गेलेल्या, डोळे मात्र जागचे हललेले नाहीत. साठीतली चिनी माणसं तो अत्यंत सद्भावनेने पाठवतात. हसरा आहे, सभ्य आहे, शिवाय पहिलाच असल्यामुळे शोधावा लागत नाही. त्यांची मुलं तोच चेहरा पाहून हादरतात. तरुणांच्या लेखी त्याचा अर्थ ‘तुझ्याशी बोलण्यात मला रस नाही’ इथपासून ‘तुला बघून घेईन’ इथपर्यंत कुठेही असू शकतो. नव्याने नोकरीला लागलेल्या पोराला साहेबाने ‘बरं झालंय काम’ असं लिहून पुढे हा चेहरा टाकला, की त्याची त्या रात्रीची झोप गेली. साध्या हसण्यात एवढं भय कशाचं? माझ्या मते, त्यात सोंग नाही याचंच. लोळणारं मांजर पाहून ते साहेब स्वतः लोळताहेत असं कुणी समजत नाही. पण तो मंद हसरा चेहरा मात्र थेट साहेबांचाच वाटतो आणि साहेब कोरडेपणाने हसताना पाहणं कुणाला झेपतं? वीचॅटने २०१८ सालच्या वापराचा जो आढावा प्रसिद्ध केला, त्यात हा वयाचा उतारा छान दिसतो. पंचावन्नच्या पुढच्या लोकांचं लाडकं चिन्ह उंचावलेला अंगठा. सत्तरच्या दशकात जन्मलेल्यांचं तोंडावर हात ठेवून खुदकन हसणं. ऐंशीतल्यांचं दात विचकणं. नव्वदीतल्यांचं हसता हसता रडणं. आणि २०००नंतर जन्मलेल्यांचं, हाताने चेहरा झाकणं. वय उतरत जातं तसा चेहरा आधी वेडावाकडा होतो आणि शेवटी हाताआड जातो. माझा मुद्दा इतक्या आज्ञाधारकपणे सिद्ध करणारी आकडेवारी क्वचितच सापडते, त्यामुळे तिच्याकडे मी थोड्या संशयानेही पाहतो.

झाकण्याची ही कला सर्वांत उघडपणे दिसते ती वेइबो या चिनी समाजमाध्यमावर. तिथे एका तिरप्या नजरेच्या कुत्र्याचं डोकं चिन्ह म्हणून मिळतं. कुत्रं मूळचं जपानी, जगभर गाजलेलं. कुणाला टोमणा मारायचा, वाक्य पूर्ण करायचं आणि टोकाला कुत्र्याचं डोकं लावून द्यायचं, म्हणजे हे गमतीने म्हटलं असं जाहीर होतं. ‘जीव वाचवणारं कुत्र्याचं डोकं’ असंच लोक त्याला म्हणतात. लक्षात घ्या, टोमणा मागे घेतलेला नाही, सौम्यही केलेला नाही. फक्त तो कुणी मारला हे कुत्र्याच्या नावावर टाकलेलं आहे. उद्या कुणी अंगावर आलंच, तर कुत्र्याकडे बोट दाखवता येतं.

यावर कुणी म्हणेल, चेहरा झाकायची हौस सगळ्या जगाला आहे, त्यात चीनचं विशेष काय? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर चिनी स्वभावात शोधण्याआधी वीचॅटच्या रचनेत शोधावं. जानेवारी २०११मध्ये टेन्सेंट कंपनीने सुरू केलेल्या या अॅपमध्ये आज साहेब, सासू, शाळेच्या बाई, भाजीवाला आणि जुनी प्रेयसी एकाच यादीत एकाखाली एक नांदतात. पैसे देणंघेणं तिथेच, ऑफिसचं काम तिथेच, घरातली भांडणंही तिथेच. आणि एवढ्या गर्दीच्या अॅपमध्ये आपल्या व्हॉट्सअॅपसारख्या निळ्या खुणा नाहीत. निरोप वाचला की नाही, माणूस शेवटचा कधी फिरकला होता, काहीच कळत नाही. आपल्याकडे निळी खूण उमटली की पोचपावती आपोआप मिळते. मग उत्तर न देणं हा उघड अपमान असतो, पण निदान त्याबद्दल शंका तरी राहत नाही. वीचॅटवर गप्प राहणाऱ्याबद्दल कुठलाही अंदाज बांधता येतो. म्हणून काहीतरी पाठवावंच लागतं. शब्द पाठवले तर त्यांना पुन्हा उत्तर येणार, त्या उत्तराला आपण उत्तर देणार आणि रात्रीचे बारा वाजणार. अशा वेळी मान डोलावणारं बदक फार उपयोगी पडतं. त्यातून निरोप पोचल्याचं कळतं, राग नसल्याचं कळतं आणि बदकाला उलटा प्रश्न विचारता येत नसल्यामुळे संभाषण कुणीही न संपवता संपतं. जून २०२०मध्ये वीचॅटने समोरच्याच्या छायाचित्रावर दोनदा बोट आपटून त्याला नुसतं थोपटण्याची सोय केली, तीही याच गरजेपोटी असावी. शब्द नाहीत, चित्रही नाही. अमक्याने तमक्याला थोपटलं, एवढी करड्या अक्षरांतली एक ओळ. तेवढ्यावर लोकांचं भागलं नाही, हे सांगायला नकोच.

मग साठा लागतो. मित्रांच्या गटांत चित्रांच्या लढाया चालतात. एकाने पांडा टाकला की दुसऱ्याने त्याहून बेरकी पांडा टाकायचा. ज्याचा साठा आधी संपेल तो हरला. अशा लढाईत शहाणपणाला काही किंमत नसते. असते ती कोठाराला. दुसऱ्याचं चित्र आवडलं की त्यावर बोट दाबून धरायचं आणि आपल्या संग्रहात टाकायचं. याला लोक चोरी म्हणतात आणि ‘चोरलं’ असं त्याच गटात अभिमानाने जाहीरही करतात. कोठारं पुढे सार्वजनिक झाली. गिटहब या, एरवी गंभीर प्रकृतीच्या प्रोग्रॅमरांनी एकमेकांच्या चुका दुरुस्त करण्याच्या ठिकाणी ‘चायनीज बीक्यूबी’ नावाचा एक संग्रह आहे. त्यात हजारो चित्रं क्रमांक दिलेल्या कप्प्यांत लावून ठेवली आहेत. जगात कुठल्याही जिल्हा ग्रंथालयाची वर्गवारी इतक्या आस्थेने झालेली नसेल. आत्मा ओतून बोलायचं असतं तर माणसाला तयार चित्रांचं कोठार कशाला लागलं असतं? कोठार लागतं ते दुसऱ्यांची तोंडं हाताशी असावीत म्हणून.

दुसऱ्याचं तोंड वापरायचं, तर ते जितकं निनावी तितकं बरं. चिनी चित्रांच्या एका विचित्र आवडीचं स्पष्टीकरण इथे मिळतं. जगात इतरत्र लोकांना चित्र स्वच्छ लागतं; इथे मळकं, धूसर, कडा फुटलेलं चित्र जास्त मानाचं. हळदीकुंकवात मिळालेला ब्लाऊजपीस जसा घरोघर फिरत राहतो, शिवून कुणीच घालत नाही आणि पहिला कुणी दिला होता ते देणाऱ्यांनाही आठवत नाही, तसंच या चित्रांचं. प्रत्येक फेरीत चित्र पुन्हा दाबलं जातं आणि थोडं झिजतं. जुन्या अँड्रॉइड फोनांत तर आणखी गंमत होती. चित्र साठवताना रंगांची आकडेमोड करणारा जो भाग होता, तो बारीकसारीक अपूर्णांक उडवून द्यायचा. त्यामुळे प्रत्येक साठवणीगणिक चित्रावर हिरवट छटा चढायची. बायदू या चिनी कंपनीच्या तिएबा या चर्चेच्या अड्ड्यावर वर्षानुवर्षं फिरलेली चित्रं अखेर शेवाळ चढल्यासारखी हिरवी झाली. अँड्रॉइडच्या सातव्या आवृत्तीत हा दोष दुरुस्त झाला, तोवर हिरवेपणा हीच खानदानीपणाची खूण ठरली होती. हातात खेळवून खेळवून जेडवर किंवा जुन्या लाकडावर जी झळाळी चढते, तिचं नाव लोकांनी या झिजलेल्या चित्रांना दिलं आहे. इतके हात लागलेलं चित्र पाठवलं, की त्यामागे आपण एकटे उरत नाही. बोलतो तो आख्खा जमाव, आपण फक्त बोट दाबलेलं असतं.

या जमावात सम्राटही आहेत. ऑगस्ट २०१४मध्ये बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयाच्या दुकानाने योंगचेंग सम्राटाची हलणारी चित्रं काढली. हा अठराव्या शतकातला छिंग घराण्याचा बादशहा इतिहासात कामाचा वाघ आणि संशयी म्हणून प्रसिद्ध. पण त्याने वेगवेगळ्या वेशांत स्वतःची चित्रं काढून घेतली होती, अगदी युरोपीय टोप घालूनसुद्धा. संग्रहालयाने त्या चित्रांतल्या सम्राटाला पाण्यात पाय हलवायला लावले आणि वर त्याच्या तोंडी ‘मी किती गोंडस दिसतो’ अशा अर्थाचं वाक्य घातलं. लोक फिदा झाले. तिसऱ्या शतकातला मुत्सद्दी चुगे ल्यांग याचंही तसंच झालं. १९९४च्या दूरदर्शन मालिकेत तो शत्रूच्या म्हाताऱ्या मंत्र्याला रणांगणावर असा काही फैलावर घेतो की म्हातारा घोड्यावरून कोसळून मरतो. त्यातलं, इतका निलाजरा माणूस मी पाहिला नाही, या अर्थाचं वाक्य आज चित्रासकट पाठवलं जातं, ते बहुधा जेवणाचं बिल न भरणाऱ्या मित्राला. मूळ वाक्याने माणूस मेला होता. चित्रातल्या वाक्याने मित्र ‘चोरलं’ म्हणतो. खरा शब्द आणि उसना शब्द यांतलं अंतर मोजायला याहून चांगली पट्टी मला माहीत नाही.

आता नेहमीचा आक्षेप. या चित्रांनी भाषा बुडाली. लोकांना चार ओळी धड लिहिता येईनात. ज्या देशात पत्रलेखन ही कला होती तिथे आता पांडा बोलतो. हा सूर आपल्याकडेही ऐकू येतो, फक्त पांडाच्या जागी अंगठा असतो. आक्षेप घेणाऱ्यांनी तुनह्वांगकडे पाहावं. वाळवंटाच्या कडेच्या या गावातल्या गुहेत हजारो जुनी हस्तलिखितं बंद होती. त्यांतली पुष्कळशी पुरातत्त्वसंशोधक ऑरेल स्टाइनने १९०७मध्ये नेली आणि ती लंडनला गेली. त्यांत इ. स. ८५६चा एक कागद आहे. आदल्या रात्री यजमानाकडे पिऊन तमाशा केला असेल, तर दुसऱ्या दिवशी पाठवायच्या माफीपत्राचा तो तयार मसुदा आहे. काल फार झाली, काय बोललो आठवत नाही, तोंड दाखवायला जागा नाही, सविस्तर क्षमा प्रत्यक्ष येऊन मागेन, असा त्याचा आशय. तिथल्या शिष्टाचार कचेरीने अधिकाऱ्यांनी हाच मसुदा वापरावा असं ठरवलं होतं. म्हणजे साडेअकराशे वर्षांपूर्वीही तुनह्वांगचा अंमलदार डोकं धरून उठायचा, लाजेने स्वतःचे शब्द शोधत बसायचा नाही, सरकारी लाज नकलून काढायचा आणि नाव घालून पाठवायचा. यजमानालाही ठाऊक असायचं की हे उतरवलेलं आहे. कुणाला त्यात खोटेपणा वाटत नव्हता. उलट स्वतःच्या मनचं काही लिहिलं असतं तर पंचाईत झाली असती, कारण मग कालच्या बोलण्यावर खरी चर्चा करावी लागली असती. गुडघे टेकून कपाळ आपटणारा आजचा पांडा त्या मसुद्याचा थेट वारस आहे. फरक एवढाच, की पांडाचं अक्षर चांगलं नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. चीनमध्ये शब्दांवर पहारा असतो. म्हणून लोक चित्रांच्या आड बोलतात, असं अनेक विद्वान सांगतात. यात तथ्य आहे, आणि ते माझ्या मुद्द्याला पूरकच आहे असं म्हणून मी निसटूही शकतो. पण सगळं ओझं पहाऱ्यावर टाकणं चूक ठरेल. टोरंटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅबने २०१८ आणि २०१९मध्ये दाखवून दिलं, की वीचॅट चित्रंही तपासतं. नकोशा चित्रांच्या खुणा जुळवून आणि चित्रातली अक्षरं वाचून ती वाटेतच अडवतं. चित्र म्हणजे अभयारण्य, अशी समजूत असेल तर ती पांडालाच शोभेल. शिवाय रोजच्या चित्रांचे विषय पाहा: झोप, जेवण, पगार, ओव्हरटाइम, आळस, पुन्हा जेवण. यांतल्या कशावरही बंदी नाही. सरकारपासून लपणारे थोडे. साहेब, सासू आणि मित्र यांच्यापासून लपणारे सगळे.

तिसरा प्रश्न ज्येष्ठांचा. त्यांची चित्रं वेगळी असतात. चमचमती गुलाबाची फुलं, लाल-पिवळी भडक अक्षरं, भिडणारे पेले, मैत्री अमर राहो. मराठी वाचकाला यांचा परिचय करून द्यायला नको. वीचॅट भारतात जून २०२०मध्ये इतर ५८ चिनी अॅपांबरोबर बंद झालं, पण रोज पहाटे येणाऱ्या ‘सुप्रभात’च्या गुलाबाला सीमा ओलांडायची गरजच नव्हती, तो दोन्हीकडे आपापला उगवला. ज्येष्ठ मंडळी मनापासून पाठवतात, तिथे सोंग कुठे आहे, असं विचारता येईल. मान्य आहे, ते मनापासूनच पाठवतात. पण गंमत पुढे आहे. चिनी तरुणांनी ही फुलं उचलली, त्यांवर अत्यंत अशोभनीय मजकूर लिहिला आणि आजीच्या गुलाबाआडून एकमेकांना शिव्या द्यायला सुरुवात केली. आजीचा खरा चेहरा नातवाने मुखवटा म्हणून वापरला. आजीला कळलं तर ती पुन्हा तोच मंद हसरा पिवळा चेहरा पाठवेल आणि नातवाला शेवटपर्यंत कळणार नाही, की आजी खूश आहे की चिडली आहे.

माझ्या म्हणण्याला खरी अडचण येते ती जानेवारी २०१६च्या प्रकरणाची. तैवानमध्ये त्साई इंग-वेन राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आल्या, तेव्हा तिएबावरच्या एका बलाढ्य गटाने ‘मोहीम’ काढायचं ठरवलं. २० जानेवारीच्या संध्याकाळी मुख्य भूमीवरचे असंख्य तरुण, स्वतःच्या देशात बंद असलेल्या फेसबुकवर भिंत ओलांडून पोचले आणि त्यांनी त्साई यांच्या पानावर व काही वृत्तसंस्थांच्या पानांवर चित्रांचा भडिमार केला. ही गंमत नव्हती. त्यामागे खरा राष्ट्रवादी राग होता. मग चेहरा झाकण्याचं माझं तत्त्व कुठे गेलं? तर ते तिथेही होतं, फक्त संख्येने. एकट्याने शिवी लिहिली असती, तर तिला नाव राहिलं असतं आणि तिला उत्तरही मिळालं असतं. हजारोंनी तीच चित्रं टाकली, तेव्हा उत्तर द्यायचं तरी कुणाला? तैवानच्या लोकांनी अखेर जे सुचलं ते केलं: स्वतःची चित्रं टाकली. काही ठिकाणी दोन्ही बाजू आपापल्या गावच्या खाद्यपदार्थांची छायाचित्रं दाखवू लागल्या. युद्ध मेजवानीच्या वाटेला लागलं, हे मला रागाच्या खरेपणाविरुद्ध चांगलं चिन्ह वाटतं. मात्र हा बचाव पुरता टिकतो असा माझा दावा नाही. मुखवट्याआड राग फक्त लपत नाही, तो सांभाळलाही जातो, आणि सांभाळलेला राग पुढे कशाला वापरायचा हे मुखवटा ठरवत नाही.

सगळ्यांनी चेहरे उसने घेतले, तर ज्यांचे ते चेहरे आहेत त्यांचं काय? गे यौ हा चीनमधला थोर नट. १९९३च्या एका कौटुंबिक विनोदी मालिकेत त्याने फुकटखाऊ पाहुण्याचं काम केलं होतं, आणि त्यात तो फुलाफुलांचा सदरा घालून सोफ्यावर अंगातली हाडं काढून घेतल्यासारखा पसरला होता. तेवीस वर्षांनी, २०१६च्या उन्हाळ्यात, कामाने पिचलेल्या पिढीला ते दृश्य सापडलं. आपण किती थकलो आहोत हे स्वतःच्या तोंडाने कोण सांगणार? सांगितलं तर साहेब म्हणतील, मग घरीच बसा. गे यौ पसरला की काम झालं. लोकांनी पसरवला तोवर ठीक होतं. मग कंपन्यांनीही आपापला माल विकायला त्याला सोफ्यावर आडवा केला. गे यौ कोर्टात गेला. अशाच एका ऑनलाइन प्रवास कंपनीविरुद्धच्या दाव्यात बीजिंगच्या न्यायालयाने त्याला ७५,००० युआन मंजूर केले आणि कंपनीने वेइबोच्या पानावर सर्वांत वर ७२ तास माफीनामा लावावा, असं फर्मावलं. कंपनीचं म्हणणं होतं, की आपण आधीच एक माफी मागून मोकळे झालो आहोत. पण ती न्यायालयाला पुरेशी वाटली नाही, आणि अपिलातही निकाल कायम राहिला. एवढं सगळं होईपर्यंत २०१८ साल उजाडलं होतं, आणि तोवर तो सोफ्यावरून उठलेला नव्हता.